वन्समोअर

अंतोबा पोतदार मूळचा हुपरीचा.
बापाच्या भट्टीपाशी पैंजणांना घुंगरं जोडता जोडता
आपण ताल शिकलो, असं सांगायचा.
खोटं असावं. पण सांगायचा छान.

मी त्याचा प्रॉम्प्टर.
बावीस वर्षं उजव्या विंगेत,
घासलेटच्या चिमणीपाशी उकिडवा बसून
प्रत्येक वाक्य सगळ्यांच्या आधी बोललो,
आणि कौतुक असं की कुणालाच ऐकू गेलो नाही.

'संगीत सव्वा मुहूर्त'चा पहिला खेळ
शनिवार पेठेत, तट्ट्यांच्या थेटरात.
पुढच्या रांगेत तालमीतली पोरं,
कानामागे अजून लाल माती.
वस्ताद हसल्याशिवाय पठ्ठे हसत नसत
आणि वस्ताद उजव्या कानानं ठार बहिरा.
दुसऱ्या खेळाला अंतोबानं नवरदेव, भटजी, न्हावी
सगळे उचलून त्याच्या डाव्या अंगाला उभे केले.
त्या रात्री तट्ट्या हलल्या.
उजवीकडे नुसता पाट मांडलेला राहिला,
त्याला कुणी विचारलं नाही.

पण मग दत्तू शिरोळकर शालू सावरत आला
आणि त्यानं विहिणीचं पद घेतलं.
वन्समोअर.
पुन्हा वन्समोअर. सातवा. आठवा.
पेटीवाल्याची बोटं आखडली,
गॅसबत्ती दोनदा हवा मागून गेली.
खरा विनोद सगळा तिसऱ्या अंकात होता
आणि तिसरा अंक कोंबड्यांनी पाहिला.

अंतोबा विंगेत माझ्याजवळ येऊन बसला.
"पदाला वन्समोअर असतो, गणबा.
विनोदाला मिळालेला पाहिलायस कधी?
दुसऱ्यांदा सांगितला
की तो प्लेगातला उंदीर.
लोक लांबून जातात."
आणि स्वतःच हसला,
तेवढं मी वहीत लिहिलं नाही.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत खेळ.
ऐन विनोदाला अख्खं थेटर शिंकलं.
अंतोबानं ती शिंक लिहून घेतली,
मिरजेत नायकाच्या तोंडी घातली.
मिरजेत कुणी हसलं नाही.
एक म्हातारी तेवढी म्हणाली, शतायुषी हो.

पुढं काय, सगळ्यांचं झालं तेच.
दत्तूचा आवाज आधी वरून गेला, मग खालून.
बोलपट आला तेव्हा तो स्टुडिओत भाला धरून
गर्दीत उभा राहायला लागला,
रोज बारा आणे आणि जेवण.
हिमालय रंगवलेला पडदा
शाहूपुरीच्या एका अडत्यानं नेला.
पावसाळ्यात गुळाच्या ढेपांवर हिमालय, कडेनं मुंगळे.
अंतोबा मुद्दाम वाट वाकडी करून बघायला जायचा.
म्हणायचा, कधी नव्हे ते हाऊसफुल्ल आहे.

शेवटचं सांगतो. गंगावेशीत, पहाटे,
धारोष्ण दूध प्यायला आम्ही दोघं उभे.
गवळी म्हशीच्या पाठीवर थाप मारत
विहिणीचं पद गुणगुणत होता.
चाल तीच.
विहिणीच्या जागी म्हैस,
शालूच्या जागी सरकीची पेंड,
रुसण्याच्या जागी लाथ.

"कुणाचं रे हे?" अंतोबानं विचारलं.
"कुणाचं म्हंजे? गाणं हाय."

मला वाटलं, आता हा खचणार.
मी ओठांवर पुढचं वाक्य तयार ठेवलं,
सवय असते.
पण अंतोबा मान वाकडी करून ऐकत राहिला,
डावा कान पुढे,
त्या वस्तादासारखा.
लाथेपाशी आला आणि पोट धरून हसला,
मिशीवरचा फेस उडेपर्यंत.

मग पेला पुढे केला,
गवळ्याला म्हणाला, "पुन्हा म्हण."
गवळ्यानं म्हटलं.
तो पुन्हा तितकाच हसला.

वही माझ्या काखेत होतीच.
"लिही," म्हणाला,
"आपल्या ओळी खोडू नकोस.
त्याच्या शेजारी लिही. लाल शाईनं."